वाशीगाव: एका तरीचं आणि तीन पुलांचं प्रकरण

तिथीचा पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. मुंबई बंदराला हे गणित बऱ्यापैकी लागू पडतं. ठाण्याच्या खाडीत जसजसं आत शिराल तसा थोडा उशीर त्यात मिळवायचा. माझ्या आजीला घड्याळ कळत नव्हतं, हा हिशेब मात्र बोटांवर होता. तिचं माहेर वाशीगावचं. म्हावऱ्याची पाटी घेऊन पल्याड, मानखुर्दच्या अंगाला जायचं तर होडी भरतीच्या पाण्यावरच सुटणार. चुकली की पाणी पुन्हा चढेपर्यंत चिखलाकडं बघत बसायचं. पाटीतली कोळंबी काही तोवर थांबत नाही.

चिखल हीच या खाडीची खरी ओळख. मोठ्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. पाणी उतरलं की काठापासून लांबवर राखाडी गाळ उघडा पडतो आणि पाय टाकला तर मांडीपर्यंत जातो. मुंबईकर लोकलच्या दारात उभा राहून हे बघतो तेव्हा त्याला ती ओसाड जागा वाटते. कोळणीला तिथं निवट्या, म्हणजे चिखलातले मासे दिसतात, चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं बीळ दिसतं, कालवं दिसतात. या प्रकरणातलं अर्धं भांडण या दोन नजरांमधलं आहे.

प्रकरण थोडक्यात असं. मानखुर्द आणि वाशी यांच्यामध्ये खाडीवर रस्त्याचा तिसरा पूल करायचं ठरलं. काठावरच्या वाशीगावातले मच्छीमार मरीआई मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावानं मुंबई उच्च न्यायालयात गेले. पूल नको, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ज्या पाण्यात आणि चिखलात आम्ही पिढ्यान् पिढ्या मासे धरतो तिथं काम होणार, तर आमचं नुकसान धरा, एवढंच म्हणणं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये निकाल लागला. तो समजून घ्यायला मात्र आधीचे दोन पूल आणि त्याच्याही आधीची होडीची तर बघावी लागते.

तर

तर हा शब्द आता नव्या मुंबईत जर-तरमध्येच उरला आहे. तर म्हणजे ठरलेल्या दोन काठांमध्ये उतराई घेऊन माणसं आणि माल नेणारी होडी. हा धंदा वाटतो तितका मोकळाढाकळा नव्हता. मुंबई इलाख्यात त्यासाठी १८६८ चा स्वतंत्र कायदा होता. सार्वजनिक तर कोणती, उतराई किती, मक्ता कुणाला, हे त्याखाली ठरत असे. म्हणजे माणसं पार करण्याच्या धंद्याला दीडशे वर्षांपूर्वी सरकारदरबारी कागद होता. त्याच होडीतून मासे धरण्याच्या धंद्याला होती ती वहिवाट. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

खाडीच्या पूर्वेच्या गावांना मुंबई समोर दिसायची. पण जमिनीवरून जायचं तर बेलापूर रस्त्यानं वर कळव्याला, तिथून ठाणं, आणि मग पुन्हा खाली मुंबई. पाण्यावरून हेच अंतर दोन किलोमीटरसुद्धा भरत नाही. त्यामुळं मासळी, भात, मीठ, गवत, आजारी माणूस, नवरी मुलगी, सगळं होडीनं. आजीच्या तोंडी ‘मुंबईला जाणं’ असा शब्दच नव्हता. ‘पल्याड जाणं’ असायचं.

थोडं दक्षिणेला बेलापूर. तिथला किल्ला पनवेलच्या खाडीच्या तोंडावर उभा आहे. तो उगाच तिथं नाही. आत जाणारं गलबत त्याच्या नजरेखालून जायचं. सिद्दी, पोर्तुगीज, मग अठराव्या शतकात मराठे, शेवटी इंग्रज, सगळ्यांना तो हवा होता, कारण पनवेल हे घाटावर जायचं दार होतं. मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीनं पनवेलला उतरायचा आणि बोरघाट चढायचा. १८३० मध्ये घाटातून गाड्यांचा रस्ता झाला तेव्हा हे बंदर आणखी वाढलं. मग आगगाडी आली. १८५३ मध्ये ती ठाण्यापर्यंत पोचली, १८५४ मध्ये ठाण्याजवळ खाडी ओलांडून कल्याणला, १८६३ मध्ये बोरघाट चढली. पुण्याचा उतारू पनवेलला यायचं कारणच संपलं. म्हणजे ठाण्याच्या खाडीवर पुलानं होडीचं गिऱ्हाईक पळवण्याचा प्रकार १९७३ मध्ये पहिल्यांदा घडला, असं नाही.

१९७३ मध्ये वाशीचा पहिला पूल सुरू झाला. तर कुणी बंद पाडली नाही. हुकूम निघाला नाही, धक्क्याला कुलूप लागलं नाही. पुलावरून बस जाऊ लागली आणि उतारू यायचे थांबले, बस्स. भरतीची वाट बघणं संपलं, आजारी माणूस रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचू लागला. ते कुणाला नको होतं? गावानंही पूल आनंदानंच स्वीकारला.

पण नुकसान दिसलं नाही, त्याचं एक कारण वेगळं आहे आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. नावाडी आणि मासे धरणारा ही दोन माणसं नव्हतीच. होडी तीच, वल्हं तेच, भरतीचा हिशेब तोच. पाण्याच्या एका टप्प्यावर उतारू न्यायचे, दुसऱ्यावर जाळं टाकायचं. उतारू गेले तेव्हा घराची एक कमाई गेली, पण होडी पाण्यात राहिली आणि चूलही पेटत राहिली. त्यामुळं धंदा बुडाला असं कुणी म्हटलं नाही. सगळा भार मासळीवर आला.

उतराई मात्र संपली नाही. ती नावाड्याच्या हातातून सुटली आणि पुढं टोलनाक्यावर जमा होऊ लागली. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांपैकी वाशी एक. हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद होईपर्यंत खाडी पार करायचे पैसे तिथं मोजावे लागत. आजीच्या वेळी उतराईच्या बदल्यात कधीमधी बोंबील चालायचे. नाक्यावर ती सोय नव्हती.

जमीन मोजली, पाणी राहिलं

मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं. पुढची गोष्ट इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे: कवडीमोल दर, जानेवारी १९८४ मधलं जासई-दास्तानचं आंदोलन, दि. बा. पाटलांचं नेतृत्व, गोळीबारात गेलेले पाच जण, आणि त्यातून पदरात पडलेली साडेबारा टक्के विकसित जमीन. त्याची उजळणी इथं करत नाही. मुद्दा एवढाच की ही सगळी लढाई, आणि तिचा मोबदलाही, एकर-गुंठ्यात होता. ज्याच्या नावावर शेत किंवा मिठागर, त्याची गणती. खाडीला गट नंबर नाही. तिच्यात बोकशी, म्हणजे खुंटांना बांधायचं जाळं, लावायची जागा अमक्या घराची हे सगळा कोळीवाडा जाणतो, तलाठ्याच्या दप्तरात ते सापडत नाही.

याच काळात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने वाढत गेले होते आणि त्यांचं पाणी खाडीकडंच उतरत होतं. पुढं शहराचं सांडपाणी आलं. १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली. पहिला रस्तापूल खाऱ्या हवेनं लवकर खंगला, म्हणून शेजारी दुसरा मोठा पूल बांधावा लागला. तो १९९७ मध्ये सुरू झाला. त्यानंतर वर ऐरोलीला आणखी एक. दर वेळी खांब खाडीतच रोवले गेले, आणि दर वेळी गावानं ते मुकाट्यानं बघितलं. वाशीगाव तोवर सेक्टर ३१ झालं होतं.

तिसरा पूल आणि कोर्ट

दुसऱ्या पुलावरची कोंडी रोज अनुभवलेल्या माणसाला तिसरा पूल का हवा होता हे सांगायला नको. जवळपास १.८ किलोमीटर लांब, जाण्याला तीन मार्गिका आणि येण्याला तीन, असं हे काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडं होतं.

पुलाचा खांब म्हणजे पाण्यातली दोन-चार मीटर जागा, तेवढ्यानं काय बिघडतं, असं पुलावरून जाणाऱ्याला वाटतं. बोकशीवाल्याला विचारा. बोकशी ही निमुळती पिशवी. खुंटांना बांधायची, तोंड वाहत्या पाण्याकडं, शेपटाला गाठ. ओहोटी लागली की पाण्याबरोबर कोळंबी, करंदी, बारीक मासळी आत ओढली जाते, आणि पाणी ठरलं की उचलून गाठ सोडायची. म्हणजे इथं माणूस माशाच्या मागं धावत नाही. पाण्याची धार कुठून, किती जोरानं येते, यावर त्याची भाकरी. खांब उभा राहिला की धार फाटते. खांबाच्या बुडाशी खळगा पडतो, थोडं पुढं गाळ साचतो. काल जिथं दीड पुरुष पाणी होतं तिथं गुडघाभर उरतं. बांधकामाच्या वर्षांत तराफ्यांची ये-जा, पाइलिंगचे हादरे आणि ढवळलेलं पाणी असतं, ते वेगळंच. आणि काम संपल्यावर तळाशी एखादी सळी किंवा तारेचं वेटोळं राहिलं तर जाळं फाटल्यावरच कळतं.

चिखलात चालून मासे धरणाऱ्या बाईचं गणित आणखी निराळं. तिच्याकडं होडी नाही. काठापासून चिखलात जायच्या तिच्या वाटा ठरलेल्या असतात. कुठं पाय धरतो, कुठं रुततो, हे आई-सासूनं दाखवलेलं असतं. तिथं भराव पडला की तिला दुसरी वाट नाही.

न्या. शाहरुख काथावाला आणि न्या. मिलिंद जाधव यांच्या खंडपीठानं काम थांबवलं नाही. पूल लोकांच्या उपयोगाचा आहे हे मान्य केलं. त्याबरोबरच मच्छीमारांचा या खाडीतला हक्क रूढीनं आलेला आहे आणि त्यांची उपजीविका हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हेही मानलं. नुकसानभरपाई ठरवायला समिती आणि अशा प्रकल्पांसाठी राज्याचं भरपाई धोरण, असे आदेश झाले. किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत मच्छीमारांच्या उपजीविकेची सुरक्षितता हा पहिल्या उद्देशांतला एक आहे; तो निव्वळ छापण्यापुरता नाही, असा या निकालाचा अर्थ मी लावतो.

इथं मघाची गोष्ट परत येते. ज्या धंद्याला १८६८ चा कायदा आणि मक्त्याचा कागद होता तो पहिला पूल येताच विरून गेला. ज्याला निव्वळ वहिवाट होती तो अर्ध्या शतकानं कोर्टात उभा राहिला आणि टिकला. मक्ता हा सरकारनं दिलेला. प्रवास संपला की देणाऱ्याला त्यात रस उरत नाही. वहिवाट कुणी दिलेली नसते, म्हणून ती काढून घेताना निदान विचारावं तरी लागतं. अर्थात हे मला निकाल वाचल्यावर सुचलं. आधी मीही कागदवाल्यांच्या बाजूनंच पैज लावली असती.

नुकसान मोजायचं कसं

प्रकरणातला खरा अवघड भाग हा आहे, आणि त्याच्याकडं फार कमी लोकांनी बघितलं.

शेत गेलं तर क्षेत्र आहे, पीकपाणी आहे, शेजारच्या गटाचा भाव आहे. खाडीतल्या मासळीचं काय? पाटी सकाळी बाजारात जाते, रोखीत विकली जाते, दुपारी त्याच पैशाचे तांदूळ-तेल घरात येतात. पावती कसली? मत्स्यव्यवसाय खात्याचे आकडे बंदरावर उतरलेल्या मासळीचे असतात. धक्क्यावर न येता चिखलातून थेट पाटीत गेलेली चिंबोरी त्यात कशी येणार? होडीची नोंदणी असते, पागेरा, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, खांद्यावर टाकून काठानं फिरणाऱ्याची नसते. मग नुकसान कुणाचं धरायचं? होडीमालकाचं? त्याच्याबरोबर जाणाऱ्या भाच्याचं? मासे विकणाऱ्या बाईचं, जिनं जाळं कधी हातात धरलं नाही पण पाटी मात्र तिच्याच डोक्यावर?

जवळचा दाखला उरणचा आहे. जवाहरलाल नेहरू बंदराच्या विस्तारामुळं नुकसान झालेल्या मच्छीमार कुटुंबांच्या दाव्यात राष्ट्रीय हरित लवादानं फेब्रुवारी २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना मिळून ९५ कोटी १९ लाखांच्या आसपास भरपाई द्यायला सांगितलं. सरळ भागाकार केला तर घरटी ५ लाख ८४ हजार. रक्कम लहान नाही. पण असा भागाकार केला की दोन होड्यांचं घर आणि निवट्या वेचणाऱ्या एकट्या बाईचं घर एकाच ओळीत बसतं. हे न्याय्य की अन्यायाचं, यावर कोळीवाड्यातच दोन मतं मिळतील. मला विचाराल तर मी एकाच ओळीच्या बाजूचा आहे. होडीवाला उद्या होडी विकू शकतो किंवा बंदर बदलू शकतो. चिखलातल्या वाटा विकता येत नाहीत.

दुसरी अडचण वेळेची. खाडीतली मासळी पुलाच्या आधीच कमी झाली होती. प्रकल्पवाला म्हणणार, आम्ही येण्याआधीच इथं फारसं काही नव्हतं. हा युक्तिवाद ऐकायला सरळ आहे, आणि म्हणूनच धोकादायक. कारखान्यांनी अर्धं नेलं, सांडपाण्यानं पाव नेलं, म्हणून उरलेल्या पावाची किंमत शून्य होत नाही. उलट ती वाढते, कारण घर आता तेवढ्यावरच उभं आहे. पण हे सिद्ध करायला ‘आधी किती होतं’ ते कुठंतरी लिहिलेलं लागतं. ते लिहिलेलं नव्हतं. लिहायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पकड किती झाली हे मोठ्यानं बोलायला जुनी माणसं कचरायची, नजर लागते म्हणून.

आणखी एक पेच फ्लेमिंगोंचा. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधल्या पट्ट्यात २०१५ मध्ये १,६९० हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. खाडीला किंमत आली, ही चांगलीच गोष्ट. तिच्या कडेचं कांदळवन टिकलं, कारण आता ते तोडणाऱ्याला कायदा आडवा येतो. पण खाडीचे राखणदार म्हणून फोटोत आधी पक्षी दिसतो, वनखातं दिसतं. पुलावरून कुणी पाण्यात पडलं की रात्री-अपरात्री होडी काढायला मात्र कोळीवाड्यातल्याच पोरांना उठवतात. त्याची उतराई कुणी ठरवलेली नाही.

पुढं

२०२३ मध्ये राज्य सरकारनं प्रकल्पबाधित मच्छीमारांसाठी भरपाईचं धोरण आणलं. तिसऱ्या पुलाची मुंबईहून बाहेर पडणारी बाजू ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि मुंबईत शिरणारी जून २०२५ मध्ये खुली झाली. दरम्यान जलप्रवासाचंही पुनरागमन होऊन गेलं: फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरच्या ८ कोटी ३७ लाखांच्या नव्या जेट्टीचं उद्घाटन आणि मुंबईसाठी वॉटर टॅक्सी. मोठ्या बोटीचं तिकीट २९० रुपये, स्पीडबोटचं ८०० च्या पुढं. ती रोजच्या माणसाची झाली नाही. लोकल त्याच माणसाला काही रुपयांत नेते, आणि चिखलाला बोट फायबरची की लाकडाची याच्याशी देणंघेणं नसतं.

या खाडीवर यापुढंही खांब येणार. म्हणून काठावरच्या दिवाळे, सारसोळे, वाशी, कोपरखैरणे, दिवा अशा कुठल्याही गावातल्या संस्थेला आज काही करता येण्यासारखं आहे, आणि त्याला वकील लागत नाही. प्रत्येक घराची वही: तारीख, तिथी, कुठल्या जागी, काय आणि किती पाट्या. विकणाऱ्या बाईची वही वेगळी, तिच्या नावानं. पागेरेवाले, चिंबोरीवाले, कालवं फोडणाऱ्या बायका यांची संस्थेच्या दप्तरात नोंद. आजवर सभासद फक्त होडीवाले, तिथंच पहिली गळती होते. दोन वर्षांच्या अशा वह्या समितीपुढं ठेवल्या तर ‘इथं फारसं काही नव्हतं’ हे वाक्य उच्चारणं कठीण जाईल.

आणि जागांचा नकाशा. बोकशीचे खुंट, चिखलातल्या वाटा, कालवांचे खडक, जुना धक्का, सगळं मोबाइलवर खूण करून ठेवता येतं. पोरांना ते पाच मिनिटांत जमतं, फक्त कुठली जागा कुणाची हे सांगायला म्हातारं माणूस बरोबर हवं. त्यासाठी दिवस अमावास्येचा धरावा. भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी सहा-साडेसहाला पाणी सगळ्यात खाली, आणि एरवी बुडालेले खुंटसुद्धा उघडे. हिवाळ्यात तोवर अंधार पडतो, तेव्हा हे काम चैत्र-वैशाखात करावं.